तूर उभी असेपर्यंत

लाल पेनाचा मला आजही राग येतो. दुकानातल्या नाही, माझ्या हातातल्या. दुसऱ्यावर चिडायला मला कधी कोणी शिकवावं लागलं नाही, तो गुण आईच्या पोटातूनच घेऊन आले. पण या एका बाबतीत मी आधी स्वतःवर चिडते आणि मग बाकीच्यांकडे वळते. बाकीचेही सुटणार नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी हायवेवरच्या जाम चौकाच्या अलीकडच्या एका गावातल्या हायस्कुलात शिक्षिका म्हणून लागले. राहायला वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला, शाळा तिकडे, म्हणजे रोजचं अपडाऊन. सकाळी डबा भरायचा, एसटी पकडायची, हिंगणघाटला बस बदलायची आणि हायवेवर उतरून दहा मिनिटं चालायचं. शाळेत आम्ही दोनच बाया, बाकी सगळे सर. शाळेला तेव्हा संडास नव्हता. सरांना मागची भिंत पुरायची. आम्ही दोघी घरून निघताना चहा घेत नव्हतो आणि डब्याबरोबर पाण्याची बाटली न्यायचो ती नुसती शोभेला. पहिल्या दोन वर्षांत लघवीच्या जळजळीसाठी मी तीनदा दवाखान्यात गेले. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी पीत जा." मी त्यांच्यावरही चिडले.

मग आम्ही दोघींनी भांडायला सुरुवात केली. शाळा समितीसमोर पुरुषमाणसांपुढे तो विषय काढायचा म्हणजे त्या काळात मरणच होतं. अध्यक्ष छताकडे बघत बसायचे. तरी आम्ही चार वर्षं तोच अर्ज पुन्हा पुन्हा दिला. शेवटी शाळेच्या कोपऱ्यात एकाला लागून एक अशा दोन खोल्या उभ्या राहिल्या. एकीच्या दारावर रंगाने लिहिलं 'महिला कर्मचारी', दुसरीवर 'मुली'. पहिलीची किल्ली माझ्या पर्समध्ये आली. त्या दिवशी मी घरून दोन कप चहा पिऊन निघाले, हे मला अजून आठवतं.

मुलींच्या खोलीत पाणी नव्हतं. बोरिंग शाळेच्या पुढच्या अंगाला, संडास मागच्या अंगाला. दीड-दोनशे मुली आणि पाणी आणायला कोणी नाही, मग व्हायचं तेच झालं. महिनाभरात मुख्याध्यापकांनी तिला कुलूप घातलं. "पोरी घाण करते मॅडम. कोण साफ करीन?" असं ते मला म्हणाले. आणि मी, अर्ज लिहून लिहून बोटं झिजवलेली बाई, मान डोलावून वर्गावर गेले. माझं भागलं होतं ना. गरज सरो नि वैद्य मरो.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी दुसऱ्यांना पुष्कळ बोलणार आहे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली असतील, तेव्हा आम्हाला वर्ध्याला एका मंगल कार्यालयात दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. कुठल्याशा संस्थेचा एक किडकिडीत, मऊ बोलणारा तरुण पुण्याहून आला होता. त्याने फळ्यावर 'सकारात्मक मानसशास्त्र' असं लिहिलं. आपण मुलांचं काय चुकतं तेच बघतो, तो म्हणाला, त्यांचं काय चांगलं चाललंय ते कोणी विचारतच नाही. मुलांना रोज वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहू द्या. हळूहळू मन चांगलं शोधायला शिकतं, आणि ज्याचं मन ठीक त्याचा अभ्यासही ठीक. मग त्याने आम्हाला उभं करून मोठ्याने हसायला लावलं. चाळीस-पन्नास मास्तर-मास्तरणी 'हा हा हा' करत उभे. माझ्या शेजारच्या सरांनी सह्यांचा कागद कधी फिरणार एवढंच विचारलं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो आपल्याकडे नेहमी येतो तोच. "सर, याचं रेकॉर्ड कसं ठेवायचं?"

तो तरुण म्हणाला, "रेकॉर्ड नको. आणि कृपा करून या वह्या तपासू नका. नुसत्या वाचा, आणि मुलांशी बोला."

सगळा हॉल हसला. त्या दिवसातलं तेवढंच हसणं खरं होतं. वही आहे आणि तपासायची नाही, हे म्हणजे जेवण वाढलंय आणि जेवायचं नाही असं आम्हाला वाटलं. मीही हसले. दोन दिवसांत ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य आम्ही हसण्यावारी नेलं, आणि त्या पोराने बिचाऱ्याने पुढचं पान उलटलं.

जुलैत सामान आलं. निळ्या कव्हरच्या वह्यांचे गठ्ठे आणि पुठ्ठ्याच्या हसऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची खोकी. उपक्रमाची प्रमुख मी, कारण आनंदाचं काम म्हणजे बाईकडे. कार्यालयात ओल यायची, म्हणून शिल्लक खोकी कुठे ठेवायची असा प्रश्न पडला. मुलींची ती बंद खोली रिकामीच होती. चपराशाने आणि मी मिळून खोकी तिथे रचली. कुलूप पुन्हा लावलं आणि त्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात टाकली. मनात काही म्हणता काही आलं नाही.

मग मुख्याध्यापकांचं परिपत्रक निघालं. शेवटच्या तासाची शेवटची दहा मिनिटं 'आनंदलेखन'. वर्गशिक्षकांनी दर शनिवारी वह्या तपासून, शेरा देऊन, सही करावी. वाईट गोष्ट लिहिल्यास पुन्हा लिहून घ्यावी. लिहिणाऱ्याच्या नावापुढे वर्गातल्या तक्त्यावर रोज एक पिवळा चेहरा लावावा. ते वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, आणि शेरेबुकात कोणी वावगा शेरा मारून जाऊ नये एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा होती. अशा माणसांमुळे जेवढं नुकसान होतं तेवढं दुष्टांमुळे होत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

मी आठवीची वर्गशिक्षिका. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वह्यांचा ढीग घेऊन बसायची, लाल पेन काढायची. मुलं काय काय लिहायची. 'आज डब्यात आलू होता.' बरोबरची खूण. 'आज गणिताच्या सरांनी मारले नाही.' त्यावर मी लिहिलं, 'गुरुजनांबद्दल असे लिहू नये.' एका मुलाने लिहिलं, 'आज बाबा पिऊन आले नाही.' मी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'आज बाबा लवकर घरी आले.' वर पुन्हा शेरा, 'वाक्य असे हवे.' पोर रोज आपल्या घराचं दार किलकिलं करून दाखवत होतं आणि मी बाहेरून रंग देत होते. हे मी शिकलेल्या, बी.एड. झालेल्या बाईने केलं.

त्या वर्गात एक मुलगी होती. उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. तिचा बाप जामच्या चौकात एका हॉटेलात भजी तळायचा, आई लोकांच्या वावरात निंदणाला जायची. ही तीन किलोमीटर चालत यायची. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा तिने जामच्या बसमध्ये बाई कंडक्टर पाहिली, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी रोज एसटीने येणारी, म्हणून सकाळी मला गाठून विचारायची, "मॅडम, आज बाई होती का माणूस होता?"

"माणूस होता."

"बाई असली का सांगजा मले."

एक दिवस तिने विचारलं, "मॅडम, कंडक्टरले किती शिका लागते?" मी म्हटलं, दहावी तर पाहिजेच. तिने बोटावर मोजलं. "मंग हे धरून तीन वर्षं." त्या तीन वर्षांची गोष्ट आहे ही. तिची ती तीन वर्षं व्हायला हवी होती, बाकी काही नको होतं.

तिच्या वहीत पहिल्या दोन गोष्टी रोज वेगळ्या असत. तिसरी दिवाळीनंतर जवळजवळ रोज एकच. 'मागच्या वावरातली तूर अजून उभी आहे.'

शाळेच्या मागे भिंत संपते तिथून एका शेतकऱ्याचं वावर लागायचं. कपाशीत तुरीच्या ओळी, माणूस दिसणार नाही एवढी दाट तूर. पहिल्यांदा ते वाक्य वाचून मला बरं वाटलं. मी लिहिलं, 'छान! निसर्गावर प्रेम!' दुसऱ्या आठवड्यात 'सुंदर निरीक्षण'. तिसऱ्या आठवड्यात मात्र मी कंटाळले आणि लिहिलं, 'तेच तेच लिहू नये.' तिने तेच लिहिलं. मुख्याध्यापकांनी एकदा वह्या चाळल्या तेव्हा त्यांना ते वाक्य फार आवडलं. खेड्यातलं लेकरू, उभं पीक, त्यातला आनंद, पाहुण्यांना सांगायला झकास. त्यांनी ते कार्यालयाबाहेरच्या फलकावर रंगीत खडूने लिहून घेतलं. फलकापुढून जाताना आठवी-नववीच्या मुली एकमेकींना कोपर मारून खाली बघत हसायच्या. "काय झालं ग हसायला?" मी विचारलं. "काई नाई मॅडम," म्हणाल्या आणि पळाल्या. मी बाई आहे, आणि मला कळलं नाही.

संक्रांत झाली. एका शनिवारी तिच्या वहीत लिहिलेलं होतं, 'आज तूर सोंगली.' बाकी दोन ओळी कोऱ्या. मी लाल पेनाने लिहिलं, 'ही दुःखाची गोष्ट नाही. पीक घरी आले याचा आनंद मानावा.' खाली सही, तारीख.

नंतर ती गैरहजर राहायला लागली. आधी दोन दिवस, मग चार दिवस. यायची तेव्हा सुकलेली असायची. एकदा मैदानात प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन खाली बसली. पाणी दिलं तर ओठ ओले करून पेला परत दिला. वर्गातल्या पिवळ्या चेहऱ्यांच्या तक्त्यावर तिच्या नावापुढची जागा रिकामी दिसायला लागली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. पुढच्या महिन्यात उपक्रम बघायला शिक्षण खात्याच्या पाहुण्यांची भेट होती. "मॅडम, तेवढं पाहा. तक्ता भरलेला दिसला पाह्यजे."

तक्ता भरायला म्हणून मी तिच्या घरी गेले. हेही लपवत नाही. शनिवारची शाळा सुटल्यावर, उन्हात, तीन किलोमीटर. ती रोज चालते तेवढंच, तरी माझी चिडचिड झाली. आई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मला बघून तिने पोतं अंथरलं, पाणी दिलं. मुलगी आत होती, बाहेर आली नाही.

मी सुरुवात केली. मुलगी हुशार आहे, शाळा बुडवू नका, दहावी झाली तर नोकरी लागेल, वगैरे. आई सूप खाली ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, एक इचारू? राग नोका येऊ देजा."

"विचारा की."

"तुमी शाळेत कुठी जाता?"

मला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "संडास आहे शाळेत."

"त्याची चाबी कोणापाशी असते?"

"माझ्यापाशी."

"मंग पोरीयले काऊन नाई देत?"

ती बाई आवाजही न चढवता सांगत गेली. पाण्याच्या दिवसात शाळेमागे तरोट्याचं रान वाढतं, त्याच्या आड भागतं. मग तूर येते. तूर उभी आहे तोवर पोरी शाळेत जातात. तूर सोंगली की मागचं वावर उघडं, तिकडून हायवे दिसतो, ट्रकवाले उभे असतात. "छोट्या पोरीयचं चालते. ह्ये आता मोठी झाली दिवाळीत. सकाऊनपासून पाणी पेत नाई. किती दिवस नाई पेईन? त्यात महिन्याचे दिवस आले का घरीच ठेवतो मी."

"मला सांगायचं होतंत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, कारण मला उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

"सांगतलं न तिनं. वहीत लिवते म्हने रोज. तुमी लाल शाईनं छान लिवता म्हने."

ती परतीची वाट मी कशी चालले ते मला आठवत नाही, एवढं आठवतं की मी मोठ्याने बोलत होते. कोणाला बोलत होते? मुख्याध्यापकांना, अध्यक्षांना, त्या मऊ पोराला, डॉक्टरीणबाईला. हायवेवर येईस्तोवर नावं संपली आणि मी एकटी उरले. पाणी न पिता दिवस काढणं म्हणजे काय हे शाळेतल्या मोठ्या माणसांत दोघींनाच माहीत होतं, त्यातली एक मी. किल्ली हातात आल्यापासून मी ते विसरले होते.

सोमवारी मी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणातून किल्ली घेतली, विचारलंही नाही. मुलींची खोली उघडली. आत खोकी छतापर्यंत. वरच्या खोक्याचं झाकण उघडं होतं आणि आतून पिवळे चेहरे माझ्याकडे बघून हसत होते. माझ्याच हाताने रचलेले. मी एकेक खोकं उचललं आणि कार्यालयात नेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर, खुर्चीवर, शेरेबुकावर ठेवत गेले. ते दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"आनंद बाहेर काढून राह्यली," मी म्हटलं.

चपराशाने विचारलं, पाणी कोण आणणार. त्या मुलीच्या बापाने हॉटेलातला तेलाचा रिकामा ड्रम धुऊन दिला, तो खोलीत ठेवला. आठवी-नववीच्या मुलींनी आपणहून पाळ्या लावल्या, सकाळी दोघी दोघी बादल्या आणायच्या. दीड-दोनशे पोरी घाण करतात म्हणत होतो आम्ही. पाणी मिळाल्यावर एकही तक्रार आली नाही. किल्ली मी माझ्या वर्गाच्या चौकटीवर खिळा ठोकून त्याला लावली. मागायची नाही, घ्यायची.

मी तिला निरोप पाठवला, येजो, दार उघडं आहे. ती दुसऱ्या दिवशी आली. आल्या आल्या खिळ्याकडे पाहिलं. त्या दिवशी वहीत तिसऱ्या ओळीत होतं, 'किल्ली खिळ्याला आहे.' मी लाल पेन उघडलंच नाही. वाचलं, आणि मधल्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन सांगितलं, "आज बाई होती. नागपूरच्या गाडीला." ती हसली. पुढचे सोळा-सतरा दिवस ती एकही दिवस चुकली नाही. इथे थांबता आलं असतं तर मीही स्वतःला माफ केलं असतं.

भेटीचा दिवस आला. सकाळपासून रांगोळ्या, पताका, स्वागतगीत. मुख्याध्यापक माझ्या वर्गाच्या दारात आले. खोक्यांच्या प्रकारापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. हळूच म्हणाले, "मॅडम, आजच्या दिवस तेवढं कुलूप लावून घेऊ. साहेब संडास पाहते. आताच धुऊन घेतला, स्वच्छ दिसला पाह्यजे. एकच दिवस."

एकच दिवस. तेही खरंच होतं. पाहुणे दुपारी दोनला जाणार होते. माझ्या डोक्यात स्वागतगीताची पेटी, हार, मुलांचे गणवेश, हे चाललं होतं. मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्या हाताने त्यांच्या हातात दिली. त्यांनी हिसकावली असती तर आज माझ्याकडे सांगायला काहीतरी असतं.

कार्यक्रम मैदानात झाला. मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, आमच्या शाळेतली एक विद्यार्थिनी आनंदवहीत काय लिहिते ऐका. 'मागच्या वावरातली तूर अजून उभी आहे.' पाहुण्यांनी माना डोलावल्या. एक साहेब म्हणाले, शहरातल्या मुलांजवळ सगळं असून हे समाधान नाही. टाळ्या वाजल्या. त्या वाक्याचा अर्थ व्यासपीठावर फक्त मला माहीत होता. मी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी.

पुढचा कार्यक्रम माझा होता, हास्याचा प्रयोग. मी माइकसमोर उभी राहून हात वर केले, "हा हा हा," आणि समोर चारशे मुलं हसायला लागली. तेव्हा शेवटच्या ओळीतून ती उठली. कोपऱ्यातल्या दाराकडे गेली, कुलूप पाहिलं, माझ्या वर्गाच्या चौकटीपाशी गेली, रिकामा खिळा पाहिला. मग दप्तर पाठीमागे दोन्ही हातांनी स्कर्टला दाबून धरलं आणि फाटकाकडे चालू लागली. फाटकाबाहेर पाहुण्यांच्या गाड्या आणि त्यांचे ड्रायव्हर उभे होते. त्यांच्यामधून तिला जावं लागलं. मी हे सगळं बघत होते आणि माझे हात वर होते. मुलांनी थांबू नये म्हणून मी अजून एकदा म्हटलं, "हा हा हा."

तिच्या स्कर्टवरच्या डागाचं मुलींनी मला नंतर सांगितलं. सांगायची गरज नव्हती.

पाहुणे गेल्यावर मी मुलींच्या दाराचं कुलूप काढून बोरिंगच्या नालीत फेकलं. त्यानंतर मी त्या शाळेत होते तोवर त्या दाराला बाहेरून कुलूप लागलं नाही. त्यासाठी मला दोनदा लेखी ताकीद मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. पुढच्या वर्षांतल्या मुलींना त्याचा उपयोग झाला असेल. ते सांगून माझी समजूत काढायचा प्रयत्न कोणी करू नये.

ती परत आली नाही. मी दोनदा घरी गेले. ती आत बसायची, आई ओट्यावर. "लाजते थे पोरगी," आई म्हणायची. "शाळेतले पोरं रस्त्यानं चिडवते." दुसऱ्या वेळी मी दारातूनच म्हटलं, कुलूप फेकून दिलं ग, आता नाही लागणार. माझं मागचं 'दार उघडं आहे'ही तिने ऐकलेलं होतं.

एप्रिलमध्ये आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. मुलीला हिंगणघाटला मावशीकडे पाठवणार, तिथे जमलं तर शाळेत घालू. मला माहीत आहे, घातलं असतं तर तिथल्या शाळेचं पत्र आमच्या कार्यालयात आलं असतं. मी दोन वर्षं टपाल बघितलं.

दाखला वर्गशिक्षिकेने भरायचा. शाळा सोडण्याचे कारण, या रकान्यापुढे मी लिहिलं, 'शाळेतील मुलींचा संडास बंद ठेवल्यामुळे.' मुख्याध्यापकांनी तो कागद वाचला, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज थकलेला वाटला. "मॅडम, असं लिवलं तर हा दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत कोण घेईन तिले? पोरीचंच नुकसान." त्यांनी दुसरा कोरा दाखला पुढे सरकवला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर वाईट होतं. मी पुन्हा सगळा भरला, आणि त्या रकान्यात सगळे लिहितात ते लिहिलं. खाली सही केली. एवढं एक वाक्य मी वर्षभरात खरं लिहिलं होतं, तेही सुधारून घेतलं.

आईला वाचता येत नव्हतं. तिने दाखला हातात घेऊन त्या ओळीवर बोट ठेवलं, नेमकं तिथेच, का ते मला माहीत नाही. "इथी काय लिवलं मॅडम?"

"का सोडली ते."

"काऊन सोडली?"

मी वाचून दाखवलं, "पालकांच्या इच्छेवरून."

"आमची इच्छा कवा होती मॅडम?" ती म्हणाली. मग दाखल्याची घडी करून तिने तो पदराच्या टोकाला बांधला आणि हायवेकडे चालत गेली.